नेहमीपेक्षा जास्त शक्यता

२८ मार्च

प्रिय मामा,

तुमच्या पुलापर्यंत फोन पोहोचत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले आणि लक्षात आलं की शाळा सुटल्यापासून मी एकही पत्र लिहिलेलं नाही. तेव्हा अक्षराला हसू नका.

बातमी अशी की आमच्या विभागाचा यंदाचा उन्हाळी अंदाज मी लिहिला. हवामान कार्यालयात लागून मला अजून वर्षही झालं नाही. पण मोठ्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, "या वेळी तू लिही, मी नुसती खोडते." त्यांनी मनसोक्त खोडलं. तरी खाली नाव माझं आहे.

आमच्या खोलीला खिडकी नाही. यंत्रं तापू नयेत म्हणून आत इतका गारठा ठेवतात की अख्ख्या उन्हाळ्याचा अंदाज मी स्वेटर घालून लिहिला. आईला हे सांगू नका, ती लगेच काढा पाठवेल.

सोबत अंदाजाची प्रत आहे. नकाशावर पूर्वेच्या डोंगराळ पट्ट्यात जो गडद डाग दिसतो, त्याच्या बरोबर मध्यात तुमचा पूल येतो. तिथे मी लिहिलंय, "एप्रिल बहुतांशी कोरडा. मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर गडगडाटी वादळांची आणि पावसाची शक्यता नेहमीपेक्षा जास्त." या एका ओळीमागे तीन आठवडे गेलेत. लोक वाचतात आणि पान उलटतात. तुम्ही तरी दोनदा वाचा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची


६ एप्रिल

ढगूबाई,

दोनदा नाही, चारदा वाचला. एकदा मी, एकदा तुझ्या मामीने, एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्या रंगाऱ्यांसमोर मोठ्याने, आणि चौथ्यांदा पुन्हा मी, कारण तिसऱ्यांदा वाचताना सगळे हसले.

आमचा लांब्या म्हणाला, "मुकादम, शक्यता म्हणजे पडणार की नाही पडणार?" मी म्हटलं, "दोन्ही." तो म्हणाला, "मग हे मलाही लिहिता आलं असतं." रागावू नकोस, पोरगा मनाने चांगला आहे. उंचीवर त्याच्यासारखा निवांत माणूस मी पाहिला नाही. बाकीच्यांना बाकावर बसून वाटतं तसं त्याला कमानीवर वाटतं.

आता कामाचं बोलतो. हा पूल तू फोटोत पाहिलास, पण फोटोत त्याची कमान बोटाएवढी दिसते. खरी कमान इतकी उंच आहे की तिच्या माथ्यावरून खालची नदी म्हणजे कुणीतरी वाळत टाकलेली ओढणी. सगळं लोखंड. गंज खरवडायचा, तांबडं अस्तर मारायचं, ते चांगलं वाळू द्यायचं, मग वर करड्या रंगाचा शेवटचा हात. ओल्या लोखंडावर अस्तर मारलं तर वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात. दरवेळी आम्ही खालून सुरुवात करतो आणि मे महिन्यात कमानीवर पोहोचतो, म्हणजे सगळी माणसं तेव्हा सगळ्यात उंच जागी असतात.

म्हणून तुला सरळ विचारतो. यंदा उलटं करू का? आधी कमान, मग खालचं? तसं करायचं तर बांधलेल्या परांच्या सोडून नव्याने बांधाव्या लागतील आणि कंपनीचे साहेब माझ्यावर खवळतील. नुसतं हो किंवा नाही कळव.

मामा


१४ एप्रिल

प्रिय मामा,

तुमचं पत्र मीही चारदा वाचलं. आजवर माझा अंदाज वाचून कुणी काही करेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आपण अंदाज देतो, सल्ला देत नाही." मग चष्मा काढून पुसत बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण मामा सख्खा आहे ना?"

लांब्याला सांगा, त्याचा प्रश्न बरोबर आहे. अमुक दिवशी तुमच्या पुलावर वीज पडेल की नाही हे मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. एवढंच कळतं की असे उन्हाळे पूर्वी जेव्हा आले, समुद्र असाच तापलेला आणि वारे असेच वाहणारे, तेव्हा बहुतेक वेळा मे महिन्यात तुमच्या डोंगरांवर रोजच्या रोज ढग चढले. बहुतेक वेळा, दरवेळी नाही.

कार्यालय म्हणून काहीच सांगत नाही. भाची म्हणून सांगते. उलटं करा. कमान एप्रिलमध्ये उरका. आणि मे लागला की दुपारच्या जेवणानंतर कुणाला वर चढू देऊ नका.

ढग ओळखायचा कसा तेही लिहिते. आधी कापसासारखे गुबगुबीत पुंजके येतात, त्यांना भिऊ नका. त्यातला एखादा बाकीच्यांना सोडून वरवर चढायला लागतो, उकळी आलेल्या दुधासारखा. चढत चढत एका उंचीवर त्याला जणू छत लागतं. मग डोकं सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखं बाजूला पसरतं. डोंगराआडून नुसती ती सपाट कड दिसली तरी पुरे. तेव्हा ऊन असेल, वारा पडलेला असेल, सगळं छान वाटत असेल, तरी उतरायचं.

खरं सांगू का मामा, हे सगळं मला पडद्यावरून माहीत आहे. असा ढग मोकळ्या आभाळात, पायापासून डोक्यापर्यंत, मी स्वतः कधीच पाहिलेला नाही. शहरात इमारतींमधून पाहिलेल्या तुकड्यांना मी पाहणं म्हणत नाही.

तुमची भाची


२५ एप्रिल

ढगूबाई,

केलं उलटं. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुकादम, वेधशाळा तुमच्या घरात आहे हे आम्हाला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "आता झालं ना माहीत." त्यावर तेही हसले, पण तसं मनापासून नाही.

एप्रिल तू लिहिलास तसाच गेला, कोरडा ठणठणीत. कमानीचं अस्तर झालंय, शेवटचा हातही बराचसा मारून झालाय, माथ्याजवळचा एक पट्टा तेवढा उरलाय, त्याचा रंग मे लागल्यावर येणार आहे. इतक्या वर्षांत कमानीवर एप्रिलमध्ये कधी चढलो नव्हतो. सकाळी वर गेलो की हवा इतकी स्वच्छ असते, की पलीकडच्या खोऱ्यातलं रेल्वेचं वळण दिसतं आणि गाडीची शिट्टी ऐकू यायच्या आधी तिचा धूर विरूनही गेलेला असतो. लांब्या म्हणतो, एवढ्या लांबचं दिसायला लागलं की माणसाला उगाच गप्प बसावंसं वाटतं. तो गप्प बसला हीच मोठी गोष्ट.

आभाळात मात्र बोटाएवढाही ढग नाही. माणसं वर बघतात आणि माझ्याकडे बघून हसतात. दुपारनंतर चढायचं नाही हा नियम मी एक मेपासून लावणार म्हटल्यावर तर फारच. मी ठाम आहे. तू पण राहा.

भेटायला आलेली मामी आता इथेच राहिलीय. पत्र्याच्या खोलीला तिने पडदे लावले. पुलाच्या कामावर पडदे असलेली खोली मी पहिल्यांदाच पाहतोय.

मामा


१० मे

प्रिय मामा,

तुम्ही ठाम राहा म्हणालात आणि मीच डळमळले.

मेचा पहिला आठवडा संपला. तुमच्या पट्ट्यात एक थेंब नाही. एका वर्तमानपत्राने आमच्या नकाशाचं चित्र छापून त्यावर उन्हात वाळणारी छत्री काढलीय. मोठ्या बाई म्हणतात, "उत्तरार्ध लिहिलंयस ना? मग थांब की." मला थांबवत नाही. रोज सकाळी आकडे बघते आणि रोज वाटतं, काहीतरी चुकलं. वरच्या थरातली हवा अजून कोरडीच आहे. ती अशी राहिली तर ढग डोंगरावर येऊन पोहोचेपर्यंतच विरून जातात.

माझ्या एका ओळीसाठी तुम्ही साहेबांशी वाईटपणा घेतलात, माणसांचं हसणं सोसलंत, रोजचे कितीतरी तास वाया घालवता आहात. मला त्याची लाज वाटते. तेव्हा दुपारचा नियम आता सोडून द्या. पुढचे काही दिवस तरी काही येईल असं दिसत नाही. उरलेला पट्टा उरकून घ्या आणि माझ्या नावाने हसणाऱ्यांना हसू द्या.

तुमची भाची


१९ मे

चि. सोनू,

हे पत्र मी लिहितेय, कारण ह्यांनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. आधी हे वाच, की सगळे जिवंत आहेत आणि सगळे धड आहेत. परवा दुपारी पुलावर वीज पडली. कुणी पडलं नाही, कुणी भाजलं नाही. डॉक्टर येऊन तपासून गेले.

हे अंगणात खुर्ची टाकून पुलाकडे बघत बसतात. मी विचारलं, "भीती बसली का?" तर मान हलवून नाही म्हणाले. मग म्हणाले, "भीती नाही गं. अजून मोठं काहीतरी." मला समजलं नाही, पण मी पुढे विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना शब्द सापडत नाहीत असं कधी पाहिलं नव्हतं.

स्वतः लिहीन म्हणालेत. तुझ्या शेवटच्या पत्राचं काही मनाला लावून घेऊ नकोस. टपालाची गाडी निघायची आहे, म्हणून थांबते.

मामी


२९ मे

ढगूबाई,

मामीने 'मनाला लावून घेऊ नकोस' असं लिहिलं आणि मला पंचाईतीत टाकलं. मी ते तुझ्यापासून लपवणार होतो. आता सगळं सांगतो, कारण अर्धं सांगितलं तर उरलेलं तू स्वतःच्या मनाने रचशील आणि ते याहून वाईट असेल.

तुझं दहा तारखेचं पत्र सतराला दुपारी जेवताना मिळालं. ऊन कडक होतं. वारा पार पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लांब्या म्हणाला, "मग तो पट्टा आजच संपवतो." आणि रंगाचा डबा घेऊन चढला. बाकीची माणसं खालच्या तुळयांवर कामाला गेली. यंदा काम उलटं केलं नसतं, तर ती सगळी त्या वेळी कमानीवर असती, हे विसरू नकोस.

मी हात धुऊन वर बघितलं. पूर्वेच्या डोंगरामागून एक पांढरी कड बाहेर आलेली होती. सपाट. सुरीने कापल्यासारखी. खालचा ढग दिसतच नव्हता, डोंगर आड येत होता. तुझी ओळ आठवली, नुसती कड दिसली तरी पुरे. सगळं छान वाटत होतं, अगदी तू लिहिलं होतंस तसंच.

मी शिट्टी मारली. खालची माणसं निघाली. लांब्याला वर ऐकू गेलं नाही, म्हणून मी चढलो. अर्ध्यावर पोहोचलो तोवर ऊन गेलं. मागे वळून बघितलं आणि पाय शिडीवर थांबले. डोंगराच्या मागे तो आता उभा होता. मी डोंगराला मोठा समजत होतो. त्याच्यापुढे तो डोंगर म्हणजे दारातली पायरी. तो काळा नव्हता, जांभळट होता, आणि आतल्या आत फिरत होता, सावकाश, जसं एवढ्या मोठ्या गोष्टीने फिरावं तसं. आवाज अजून काहीच नव्हता. मला पळायला हवं होतं. मी नुसता बघत होतो.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा लोखंड गुणगुणायला लागलं होतं. खोटं वाटेल, पण कमान मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वाजत होती. लांब्या उभा होता, हातात ब्रश तसाच धरून. त्याचे केस उभे राहिले होते. इतका अंधार झाला होता की मला आधी तो दिसलाच नाही, ब्रश दिसला. ब्रशाच्या टोकावर निळा उजेड होता. मग बघितलं, तर प्रत्येक खिळ्यावर, कठड्याच्या प्रत्येक टोकावर तसाच उजेड. अख्ख्या कमानीवर, या काठापासून त्या काठापर्यंत. जळत नव्हता, हलत नव्हता, नुसता होता. लांब्याने आपला हात डोळ्यांसमोर धरला. त्याच्या पाचही बोटांवर तो होता.

"मुकादम," तो म्हणाला, "हे काय आहे?"

"माहीत नाही. पट्टा सोड आणि माझ्या मागे ये."

"एवढं बघू दे."

"लांब्या, माझ्या मागे ये."

माथ्यापासून खाली जाणारे कमानीचे पाय आतून पोकळ आहेत. तपासणीला आत उतरायला एक झाकण असतं. आम्ही आत शिरलो, झाकण ओढलं, आणि पडली.

तो आवाज मला लिहिता येणार नाही. आवाज कानाने ऐकतात, हा कानाचा नव्हता. सगळा पूल एकदा वाजला आणि आम्ही त्या घंटेच्या आत होतो. त्यानंतर काहीच ऐकू येईना. लांब्याचं तोंड हलताना दिसत होतं. त्या पायात एक हातभर रुंदीचं वाऱ्याचं भोक आहे. त्यातून आम्ही आळीपाळीने बाहेर बघत राहिलो. गारा पडत होत्या आणि नदी पांढरी झाली होती. विजा वरून खाली नाही, ढगातून ढगात जात होत्या, मुळं पसरावीत तशा. आणि मला कसलाच आवाज येत नव्हता. ढगूबाई, मी जन्मभर आभाळाखाली काम केलं आणि मला वाटायचं की ते रिकामं असतं.

ढग गेल्यावर खालची माणसं चढून वर आली. वीज जिथे पडली ती जागा शोधली. नव्या रंगावर नखाएवढा एक करपलेला ठिपका होता. एवढंच. बाकी पुलाला काही नाही.

डाव्या कानाने मला आता जवळजवळ ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात थोडं परत येईल. ते मामीने लिहिलं नसणार, मीच नको म्हटलं होतं.

लांब्याला चढवणारं पत्र तुझं होतं. उतरवणारंही तुझंच. मला दोन्हीचा राग नाही. दुपारचा नियम पुन्हा लावलाय, आता कुणी हसत नाही.

मामा


६ जून

प्रिय मामा,

तुमचं पत्र मोठ्या बाईंच्या टेबलाशी उभी राहून वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी मला बसवलं आणि पाणी दिलं.

मलाही एक सांगायचंय. सतराच्या दुपारी पडद्यापुढे मीच होते. वरची हवा त्या सकाळीच पालटली होती. जेवणाच्या सुमाराला तुमच्या डोंगरापलीकडे एक ठिपका उगवला, आणि बघता बघता लाल झाला. त्याचं डोकं विमानं उडतात त्याच्याही वर गेलं होतं. मी कंपनीच्या शहरातल्या कार्यालयाला फोन लावत राहिले. घंटा वाजत होती, उचलत कुणी नव्हतं. आणि मला ठाऊक होतं की माझं पत्र वाटेत आहे, कदाचित पोहोचलंही असेल. तो ठिपका तुमच्या पुलावर आला तेव्हा पडद्यावर तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. मी त्यावर बोट ठेवलं. त्याखाली तुम्ही होता.

त्यानंतर मामींचं पत्र येईपर्यंत मी रोज टपालवाल्याच्या वाटेवर उभी असायचे.

महिन्याचे आकडे आले. उत्तरार्धात तुमच्या पट्ट्यात जवळजवळ रोज वादळ झालं. वर्तमानपत्राने छत्रीबद्दल काही छापलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "अंदाज बरोबर आला असं कुणाला सांगत सुटू नकोस. तू शक्यता म्हणाली होतीस, ती खरी ठरली इतकंच. घाईने मागे घेतलंस, ते मात्र लक्षात ठेव." बोलल्या कठोर, पण संध्याकाळी माझा रजेचा अर्ज न वाचताच सही करून दिला.

मामा, मी येऊ का? तुम्ही हातभर भोकातून जे पाहिलंत, त्याबद्दल मी रोज लिहिते आणि त्यातलं मला काहीच माहीत नाही.

तुमची भाची


११ जून

ढगूबाई,

विचारतेस काय. ये. मामीने तुझ्यासाठी खाट आणि तिसरा पडदा आणून ठेवलाय. बोलताना माझ्या उजव्या बाजूला बस.

मामा


२७ जून

प्रिय मामा आणि मामी,

सुखरूप पोहोचले. पुन्हा स्वेटर घालून पडद्यापुढे बसलेय. पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज लिहायला घेतलाय, पण आधी तुम्हाला लिहिते, नाहीतर हे मनातच राहून जाईल.

त्या शेवटच्या संध्याकाळी अंगणात आपण सगळे बसलो होतो आणि पलीकडच्या खोऱ्यावर तो उभा राहिला, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "याला तुमच्यात काय म्हणतात?" मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, चुकीच्या बाजूला बसलेय, म्हणून ऐकू आलं नाही. मी योग्य बाजूलाच होते. नाव मला माहीत होतं. त्याचा प्रत्येक भाग मला तोंडपाठ आहे, तळ, खांब, छत, पसरलेली कड, आत वर जाणारी हवा आणि खाली कोसळणारी हवा. पण तो समोर होता, पायापासून डोक्यापर्यंत, मावळतीचा उजेड नुसत्या त्याच्या माथ्यावर पडलेला, आणि आत विजा पेटत होत्या. एखाद्या मोठ्या घरात कुणीतरी एकेका खोलीत दिवा लावत आणि मालवत फिरावं तशा. इतका लांब, की आवाज येत नव्हता. मला नाव घ्यायचा धीर झाला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि का ते अजून सांगता येत नाही.

मामींनी ते पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे. गप्प बघा दोघं." 

आणि मग लांब्याने मला विचारलं, तुम्हाला आठवतं? एप्रिलमध्ये त्याने विचारलं होतं तसं नाही, हसून नाही. "ताई, इकडे येईल का तो?"

मी वाऱ्याकडे बघितलं. तो उत्तरेला सरकत होता. येईल असं दिसत नव्हतं. मे महिन्यात असंच दिसलं होतं तेव्हा मी तुम्हाला खुशाल चढा म्हणाले होते.

"वाटत नाही," मी म्हटलं. "पण आपण आत बसू."

 लांब्याने तुमची खुर्ची उचलली, मामींनी कपबशा घेतल्या, आणि आपण सगळे पत्र्याच्या खोलीत जाऊन दाराशी दाटीवाटीने उभे राहून तो जाईपर्यंत बघत राहिलो.

तुमची भाची